आत्याबाईंचा डावा हात

आत्याबाईंचं डोकं कितीतरी वर्षं शेपटीच्या टोकाला होतं, आणि त्यावाचून कोणाचं काही अडलं नव्हतं.

आत्याबाई म्हणजे संग्रहालयाच्या मागच्या दालनातला सांगाडा. माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधी दलदलीत वावरणारं एक विचित्र जनावर. मान एवढी लांब, की पहिल्या तज्ज्ञाने तिलाच शेपूट समजून डोकं भलत्या टोकाला बसवलं. शाळेची पोरं यायची, आ वासून बघायची, निघून जायची. नव्या बाई, म्हणजे सांगाड्यांच्या नव्या तज्ज्ञ, रुजू झाल्या आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात डोकं उतरवून जागेवर आणलं. मग दिसली ती चार घरांत डोकावता येईल अशी मान, म्हणून कामगारांनी नाव ठेवलं आत्याबाई.

संग्रहालयाची एक रीत होती. चूक दुरुस्त झाली की जुने फोटो उतरवायचे, पाटी बदलायची, आणि चूक कधी झालीच नव्हती असं वागायचं.

"बघा तुम्ही," दारावरचा पहारेकरी साचेकाराला म्हणाला होता, "लोक म्हणतील, डोकं पहिल्यापासून इथेच होतं."

झालंही तसंच. पुढे पुढे पहारेकरीही तेच म्हणू लागला, आणि ते काही थट्टेत नव्हे.

साचेकार तिथला जुना माणूस. सांगाड्यात जे हाड सापडलेलं नसे, ते प्लास्टरचं करून बसवणं त्याचं काम. ते पांढरंच ठेवायचं, रंग द्यायचा नाही. मातीने दिलेलं कुठलं आणि आपण घातलेलं कुठलं, हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. आत्याबाईंचा डावा पंजा सापडलाच नव्हता. उजवा होता, पण दगडाखाली पार चेचलेला. त्यावरून काही कळत नव्हतं, आणि दालन तर उघडायचं होतं.

अडलं की साचेकार बायकोचा हात घ्यायचा. जनावर कुठलंही असो, सुरुवात तिच्या हाताच्या साच्यातून. मग तासत तासत त्याचं हाड काढायचं. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

"हात दे गं जरा."

"माझा हात तिकडे मिरवणार, आणि मी इकडे लोकांच्या बाह्या शिवत बसणार," ती म्हणाली. पण मशीनवरून उठली, बाही वर सारली आणि डावा हात ओल्या प्लास्टरमध्ये दिला.

प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, आणि तेवढा वेळ हात हलवायचा नसतो. मुलगी लहान असताना तिची बोटं धरून म्हणायची ते गाणं बायको तेव्हा गुणगुणायची. गाण्याची काही आवर्तनं झाली की साचा तयार. घड्याळ कशाला लागतंय.

*पहिलं बोट पाणी भरी,*
*दुसरं बोट चूल सावरी,*
*तिसरं बोट निवडी दाणे,*
*चौथं बोट गाई गाणे,*
*धाकलं बोट झोपे घरी.*

पंजा घेऊन तो गेला, तर नव्या बाई हसल्या. "काका, आत्याबाईंच्या जातीला तीनच बोटं हो. दोन उतरवा."

तिसऱ्या आणि चौथ्या बोटात हवेचे बुडबुडे राहिले होते. त्याने तीच कापली. काम पुरं होईपर्यंत तुकडा टाकायचा नाही ही त्याची सवय. दोन्ही बोटं सदऱ्याच्या खिशात गेली आणि तिथेच राहिली.

दालन उघडलं. बाहेर आभाळ खाली आलेलं, खिडक्यांवर ओल, आत दिवसासुद्धा दिवे. त्या मळक्या उजेडात साचेकाराला वाटलं, पंजा जरा पिवळट दिसतोय. ओलीने असेल, असं म्हणून तो पुढे गेला. नंतर कधीतरी नव्या बाईंनी हाक मारली.

"काका, रंग दिलात?"

"नाही, बाई. मी कशाला देईन?"

पंजा बाकीच्या हाडांसारखाच तपकिरी झाला होता. बाईंनी सुई टोचली, ती घसरली. मग त्या भिंग लावून बराच वेळ वाकून राहिल्या. उठल्या तेव्हा त्यांनी भिंग पुसलं, पुन्हा पुसलं.

"आत शिंपल्यांचा चुरा आहे, बाकीच्या हाडांत आहे तसाच," त्या म्हणाल्या. "असं होत नसतं." नळ गळतोय म्हणावं, तशा स्वरात.

घरी बायकोच्या हातून कात्री पडू लागली होती. हाताला मुंग्या येतात, म्हणाली. मग म्हणाली, आता मुंग्याही येत नाहीत. डॉक्टरांनी हात दाबून, वाकवून पाहिला, गोळ्या दिल्या. काळ्या कापडावर तिचा हात फिरला की मागे पांढरा पट्टा उमटे.

"खडू लागलाय," ती म्हणायची. शिंपिणीच्या हाताला खडू लागायचाच. साचेकाराने तिचा हात ओल्या फडक्याने पुसला. फडकं पिळलं, पाणी दुधासारखं झालं. पुन्हा पुसला. पुन्हा तेच.

हात हलका झाला होता. बशीला लागला तर टक्क वाजायचा.

"आता सुई कशी धरू हो?" तिने एकदा विचारलं, आणि त्याचा चेहरा पाहून लगेच थट्टेवर नेलं. "जाऊ दे. मी उभी राहते तुमच्या दालनात. आत्याबाईंना म्हणावं, बसा मशीनवर."

तो हसला नाही. पांढरेपणा आता कोपराकडे चढत होता. आयुष्यभर त्याने हाडं जोडली होती, आणि घरातलं एक माणूस त्याच्या डोळ्यांदेखत सुटं होत चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दालनात गेला आणि पंजा सळईवरून सोडवू लागला. मनगटाच्या हाडाला बोट लागलं, तिथे एक बारीक खाच होती. गोल, झिजून गुळगुळीत झालेली. बांगडीची.

मागे नव्या बाई उभ्या होत्या.

"न्या," त्या हळूच म्हणाल्या. "दुसरा करा. आणि हा कुठे गेला, ते मला सांगू नका."

फडक्यात गुंडाळून त्याने तो घरी आणला. बायको खिडकीशी बसली होती.

"आण इकडे," ती म्हणाली. पहिल्यांदाच ती त्याला एकेरीत बोलली. "माझाच आहे ना."

दगडी पंजा तिने मांडीवर घेतला, त्यावर आपला पांढरा हात ठेवला, वर शाल ओढली. तो समोर बसून राहिला. उजेड मंदावत गेला.

शालीखाली काहीतरी भुरभुरलं. तिच्या मांडीवरून पांढरी पूड जमिनीवर सांडली.

"मुंग्या येतायत," ती म्हणाली. "अहो, मुंग्या येतायत हाताला."

त्याने शालीवरूनच तो हात छातीशी धरला. ऊन ऊन होता. साचेकार लहान पोरासारखा रडला, आणि ती उजव्या हाताने त्याच्या डोक्यावर थोपटत राहिली.

सकाळी तिने चहा आणला. कप डाव्या हातात होता. घट्ट, न सांडता.

त्या हाताला तीन बोटं होती.

कुठे जखम नाही, व्रण नाही. अंगठा, त्याच्या शेजारचं, आणि करंगळी. जसं असावं तसं.

"काय बघताय?" ती म्हणाली. "माझी बोटं काय आज पाहिलीत?"

त्याने भिंतीवरच्या लग्नातल्या फोटोकडे पाहिलं. नवरीचा डावा हात त्याच्या दंडावर होता. फोटो जुना, पिवळा पडलेला. पण बोटं मोजता येत होती.

तीन.

ती मशीनवर बसली. कापड सरकवताना गुणगुणू लागली.

*पहिलं बोट पाणी भरी,*
*दुसरं बोट चूल सावरी,*
*धाकलं बोट झोपे घरी.*

गाणं संपलं. कुठे अडखळलं नाही, काही कमी वाटलं नाही. तिने दोरा तोडला.

मधे काहीतरी होतं. दाण्यांचं काहीतरी. त्याने ओठ उघडले, पण ओळ जिभेवर येईना.

त्याचा हात सदऱ्याच्या खिशात गेला. कापलेले दोन तुकडे तिथेच होते. घट्ट झालेलं प्लास्टर गार असतं, हे त्याच्या हातांना जन्मभर पाठ होतं.

तुकडे कोमट होते.