माणसांचा कप्पा

"माह्याकडं तं बराबर चालून राहिलं," असं म्हणून हात झटकणाऱ्या लोकांचा प्रियदर्शनीला मनस्वी राग होता. जो प्रोग्राम अकोल्यात चालतो आणि अमरावतीत आडवा पडतो, त्याला ती प्रोग्राम म्हणायलाच तयार नसे. अमरावतीच्या एका संस्थेत पुष्कळसे संगणक एकत्र जोडून केलेलं क्लस्टर ती सांभाळत असे. शास्त्रज्ञ मंडळी आपापली गणितं घेऊन तिच्याकडे यायची. एकाचं सामान बसवावं तर दुसऱ्याचं बिघडायचं, आणि शिव्या प्रियदर्शनीला. त्यावर उतारा म्हणजे कंटेनर. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान, तेलामिठासकट, एकाच फाइलीत भरायचं आणि झाकण लावून टाकायचं. मग ती फाइल अकोल्यात उघडा नाहीतर आसामात, आत तेच सामान आणि उत्तरही तेच. संस्थेत सगळे त्याला डबाच म्हणत. काय काय भरायचं ते लिहिलेल्या मजकुराला कृती म्हणत. आणि प्रियदर्शनीच्या हातचा डबा आंबत नाही, अशी तिची ख्याती होती.

घरी मात्र तिला एकटीपुरता स्वयंपाक करायचा कंटाळा येई. गाडगेनगरातल्या दोन खोल्यांत आधी ती आणि तिची माय, इंदूबाई, राहत असत. इंदूबाईंनी उभी हयात अकोल्याच्या जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी करण्यात घालवली होती. तो कापूस छातीत जाऊन बसला तो बसलाच. शेवटची वर्षं दम्याचा पंप ओढण्यात गेली आणि गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला अकोल्याहून, अकोट फैलातली सगळी जुनी गल्ली आली होती, पोरीला जपा म्हणाली आणि आपापल्या कामाला लागली. लोकांना दोष तरी काय द्यायचा! पण संध्याकाळी घराचं कुलूप काढायचं प्रियदर्शनी लांबवायची. दिवसभरात कामाखेरीज कुणी तिच्याशी बोललं नाही, असे दिवस वाढत चालले होते. सुटीच्या दिवशीसुद्धा ती संस्थेत जाऊन बसे. तिथे निदान यंत्रांचा आवाज असे.

उन्हाळा लागता लागता तिच्याकडे आकांक्षाचं काम आलं. अकोल्याची आकांक्षा तिची कॉलेजपासूनची मैत्रीण, रानपिंगळा या दुर्मीळ घुबडाच्या मागे लागलेली. चिखलदऱ्याच्या पलीकडे मेळघाटात तिने झाडांना ध्वनिमुद्रक बांधून ठेवले होते आणि महिन्यामहिन्यांचं रान त्यांत भरून आणलं होतं. एवढं ऐकायला माणसाला सात जन्म पुरले नसते. म्हणून प्रियदर्शनीने एक प्रोग्राम डब्यात भरून दिला. रानातल्या गलक्यातून तो एकेक आवाज सुटा करी आणि कप्प्याकप्प्यात टाकी: पाखरांचा कप्पा, किड्यांचा, वाऱ्यापाण्याचा, गाड्यांचा आणि माणसांचा. माणसांचा कप्पा न ऐकता पुसून टाकायचा नियम होता. मोळी आणायला निघालेल्या बाया रानात मोकळेपणी काय बोलतात, ते ऐकायचा अधिकार कुणाला नाही. फक्त चुकून एखादं पाखरू त्या कप्प्यात पडलं नाही ना, एवढं पाहण्यापुरता थोडा तुकडा तपासायचा.

तो तुकडा तपासताना प्रियदर्शनीला श्वास ऐकू आला.

भरदुपार होती. बाहेर डांबर वितळत होतं. तिने कानांवरचे हेडफोन नीट बसवले आणि पुन्हा ऐकलं. आत घेताना बारीक शिट्टी, मग क्षणभर अडकणं, मग सोडणं. एखादा गुराखी झाडाला टेकून बसला असेल, असं तिने धरून चाललं. मूळ ध्वनिमुद्रण उघडलं, तर त्या जागी नुसता वारा. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. रानात श्वास नव्हता. डब्यातून निघाल्यावर होता.

तिने शांतपणे कामाला हात घातला, जसा इतर कुठल्याही बिघाडात घातला असता. संगणकावरच तयार केलेलं, ज्यात काडीचा आवाज नाही असं कोरं मुद्रण तिने प्रोग्रामला दिलं. रिकाम्या ताटातून रिकामी वाटीच निघायला हवी. बाकीचे सगळे कप्पे रिकामे आले आणि माणसांच्या कप्प्यात श्वास आला.

या डब्यांची एक खोड असते. उघडणाऱ्याचं स्वतःचं फोल्डर, ज्याला होम म्हणतात, ते न सांगता डब्यात शिरतं. नवशिके इथेच फसतात. डबा बंद आहे या भरवशावर राहतात आणि घरचंच काहीतरी आत सांडत असतं. आपल्या होममधला एखादा आवाज झिरपत असेल, असा तिला संशय आला. पण मनातून तिला ठाऊक होतं की त्यात आईचा आवाज नाही. फोटो ढीगभर होते. आवाज कधी कुणी भरून ठेवला नव्हता, माणूस समोर असताना ते सुचत नाही. तरीही तिने ते दार बंद केलं. श्वास होताच. मग तिने कृती ओळीओळीने वाचली, दुसऱ्या कोऱ्या यंत्रावर डबा पहिल्यापासून नव्याने भरला आणि उघडला.

बारीक शिट्टी. अडकणं. सोडणं.

आईचा, हा शब्द आपण केव्हाच मनात वापरून बसलो आहोत, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं. या वेळी घाबरायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी तिला पोटभर रडू आलं, आणि बाजूच्या टेबलावरच्या माणसाला तिने एसीमुळे डोळ्यांत पाणी येतं असं सांगितलं.

त्यानंतर रोज दुपारी बाकीचे जेवायला गेले की प्रियदर्शनी डब्याला कोरं मुद्रण द्यायची आणि डोळे मिटून ऐकत बसायची. पंप घेतल्यावर मायचा श्वास जसा जरा सैल पडे, तसा तो असे. एकदा त्या श्वासात घरघर वाढली, अडकणं लांबलं आणि मग अगदी जवळून, कानाच्या पाळीशी, शब्द आले.

"आली काय वं?"

कडी वाजली की इंदूबाई आतल्या खोलीतून हेच विचारत. पोरगी दाराशी दिसत असली तरी विचारत. आणि प्रियदर्शनी चपला काढता काढता म्हणे, "आली ना माय." त्याखेरीज दोघींचं फारसं बोलणं होत नसे आणि त्यांना त्याची गरजही वाटत नसे.

आता दर वेळी डबा उघडला की तोच प्रश्न येऊ लागला. उत्तर द्यायचं तर आपला आवाज मुद्रित करून प्रोग्रामला द्यावा लागणार होता, त्याला दुसरा कान नव्हता. ते ती उद्यावर ढकलत राहिली. आपण उत्तर दिलं आणि पुढे काही घडलंच नाही तर, ही तिची धास्ती होती. आपली वाट पाहणारं कुणीतरी आहे एवढ्यावर तिचं भागत होतं, आणि तेवढं गेलं तर आपल्याजवळ काही उरणार नाही, हे तिला लख्ख कळत होतं.

एका दुपारी आकांक्षा न सांगता अमरावतीला येऊन धडकली. हेडफोन उचलून तिने कानाला लावला आणि तिचा चेहरा बदलला.

"कोन हाय हे बाई?"

"कोनी नाही. आवाज मिसळून राहिला कुठून तरी. पाहून राहिली मी."

"महिना झाला तू पाहूनच राहिली! तुया डब्यासाठी लोकं थांबून हायेत वं, प्रिया. तिकडं रानातून रस्ता निंगून राहिला. पिंगळा तिथं हाय, हे चार ठिकानच्या लोकांनी आपापल्या मशीनवर तपासून नाही सांगितलं, तं कोन आयकते आपलं? पाखरांचा कप्पा बरा हाय ना?"

"पाखरांचा बरा हाय."

"मंग देऊन टाक. मानसांचा कप्पा तसाही पुसाचाच हाय." मग तिने मैत्रिणीकडे नीट पाहिलं. "जेवत नाहीस काय तू? हाडं निंगाले तुये."

प्रियदर्शनीने रात्रभर विचार केला असता, पण विचार करण्यासारखं त्यात तिला काही दिसलं नाही. जेवणाचा डबा वाटला की संपतो. या डब्याचं तसं नसतं. त्याच्या हजार नकला हजार जणांना द्या, आपला आपल्यापाशी भरलेला तो भरलेलाच. हा तिच्या धंद्याचा पहिला धडा होता. नव्या पोरांना ती स्वतः शिकवी, आणि त्यावर तिचा देवावर नसेल इतका विश्वास होता. दुसऱ्या दिवशी तिने डबा सगळ्यांसाठी खुला केला. माणसांचा कप्पा न ऐकता पुसावा, अशी सूचना ठळक अक्षरांत घातली. मग दुपार झाल्यावर आपला डबा उघडला.

माणसांचा कप्पा रिकामा होता.

तिने पुन्हा चालवला. फाइलीचा ठसा, म्हणजे तिची ओळख पटवणारा सांकेतिक आकडा, तपासला, तो अक्षरन्‌अक्षर तोच होता. कृतीवरून नवा डबा भरला. रिकामा. सगळं जसं असायला हवं तसं होतं, बिघाड कुठेच नव्हता. त्या संध्याकाळी ती घरी गेली आणि कुलूप न काढता बराच वेळ पायरीवर बसून राहिली.

मग मेल येऊ लागले. कोइमतूरच्या एका बाईंनी लिहिलं होतं की प्रोग्राम छान आहे, पण माणसांच्या कप्प्यात एका म्हातारीचा आवाज येतो, दर वेळी तेच दोनतीन शब्द, ही भाषा कुठली? मग गुवाहाटीहून तेच. मग डेहराडूनहून. प्रियदर्शनीने कुणालाच उत्तर दिलं नाही. शेवटी आकांक्षाचा फोन आला.

"प्रिया, ते बाई बोलून राहिली वं माह्याकडं. दर खेपेले इचारते. आली काय, आली काय."

बडनेऱ्याहून प्रियदर्शनीने मिळेल ती अकोल्याची गाडी धरली. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं, तिला काही दिसलं नाही. आकांक्षाच्या घरी कूलर लावलेला होता आणि टेबलावर लॅपटॉप उघडाच होता.

"लाव," प्रियदर्शनी म्हणाली.

आकांक्षाने डबा चालवला. खोलीत शिट्टी वाजली. श्वास पूर्वीपेक्षा थकलेला होता, खूप दारं ठोठावून आल्यासारखा.

"आली काय वं?"

"मले चालवू दे."

प्रियदर्शनीने चालवला. काही नाही. बाजूला होऊन तिने पुन्हा आकांक्षाला चालवायला लावला.

"आली काय वं?"

"तुले वळखत नाही वाटते ते," आकांक्षा हसत म्हणाली, आणि मैत्रिणीचा चेहरा पाहून तिचं हसू विरलं. "बस तू. च्या ठेवतो मी." ती आत गेली.

प्रियदर्शनीने लॅपटॉपचा मायक्रोफोन सुरू केला. आता उद्यावर ढकलण्यात अर्थ नव्हता.

"आली ना माय," ती म्हणाली. "मी आली. अकोल्यालेच आली. तू लोकाइले नको इचारू."

खालच्या गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला. स्वयंपाकघरात भांडं वाजलं.

"साखर टाकू काय वं?" आकांक्षाने आतून विचारलं.

"टाक," प्रियदर्शनी म्हणाली, आणि पुन्हा मायक्रोफोनकडे वळली. "माय, मी हाय इथंच. आयकू येते काय तुले?"

"साखर टाकू काय?" आकांक्षाने आवाज चढवून विचारलं.

"टाक ना!" प्रियदर्शनी जवळजवळ ओरडली.

मग तिने मुद्रण थांबवलं आणि ते डब्याला दिलं.

कप्पे भरत गेले. वाऱ्याच्या कप्प्यात कूलर. पाखरांच्या कप्प्यात खिडकीतल्या चिमण्या.

माणसांच्या कप्प्यात भंगारवाल्याची हाक होती, दूर जात जात विरलेली. त्यानंतर आकांक्षाचा प्रश्न होता. मग बराच वेळ काही नव्हतं. मग पुन्हा आकांक्षाचा प्रश्न, जरा मोठ्याने.

तिने मूळ मुद्रण लावून पाहिलं. त्यातही तेवढंच होतं, तिचा स्वतःचा आवाज कुठेच नव्हता.

आकांक्षा दोन कप घेऊन बाहेर आली आणि एक तिच्या पुढ्यात ठेवून खुर्चीत टेकली. प्रियदर्शनीने कप उचलून घोट घेतला.

चहात साखर नव्हती.