तीन मिनिटं आधी

दुपारचे तीन वाजले होते, चहा नुकताच झाला होता आणि दादाचा पॉवर सप्लाय एकदाचा सुरू झाला होता. दोन हजार व्होल्ट डीसी. लोड कितीही बदलो, व्होल्टेज तसूभर हलायचं नाही. आणि टोकं चुकून एकमेकांना टेकली, तर तीस मिलिअँपलाच प्रोटेक्शन पडून सगळं बंद व्हायचं. उद्या सकाळी हा सप्लाय एका प्रयोगशाळेत जायचा होता. तिथली माणसं रोज त्याच्या आसपास हात घालणार, म्हणून या प्रोटेक्शनसाठी दादाने सहा महिने डोकेफोड केली होती. वर्कशॉपमध्ये तो आणि त्याची धाकटी बहीण, दोघंच. डिझाइन त्याचं, जोडणी तिची आणि भांडणं दोघांची.

खट्.

प्रोटेक्शन पडलं. टोकांना तर काही म्हणजे काही जोडलेलं नव्हतं! तरी मीटरचा लाल काटा पार शेवटाला जाऊन बसला होता. करंट जास्तीत जास्त जिथवर जातो, तिथेच हा काटा अडकून राहतो. म्हणजे चक्क शॉर्ट सर्किट.

"तुझी जोडणी," दादा म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," धाकटी म्हणाली.

दादाने पुन्हा सुरू केलं. तीन मिनिटं झाली असतील नसतील, तोच वरच्या फळीवरून पाना घरंगळला आणि नेमका दोन्ही टोकांवर आडवा पडला. काड्कन ठिणगी उडाली, जळका वास सुटला. आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, ते प्रोटेक्शन ढिम्म! शेवटी दादानेच धावत जाऊन स्विच पाडला.

जळलेले भाग बदलून पुन्हा सुरू केलं, तर पुन्हा तेच. आधी विनाकारण खट्. मग तीन मिनिटांनी वायरची क्लिप निसटून टोकांना चिकटली आणि प्रोटेक्शन गप्प. दादाने सगळं सर्किट तपासलं. चूक सापडेल तर शपथ.

"हे शॉर्ट व्हायच्या आधीच पडतंय," धाकटी हळूच म्हणाली. "आणि झालं की गप्प बसतंय. आपलं काम उरकलं म्हणून."

"आधी कळस, मग पाया? अगं, यंत्र आहे ते, ज्योतिषी नाही."

तो हसला खरा, पण त्याचं डोकं चालेनासं झालं होतं. त्याने परत सुरू केलं.

खट्.

या वेळी लाल काटा चाळीस मिलिअँपवर थांबला होता. दोघंही बघतच राहिले. पान्याने, तारेने काटा शेवटाला जातो. असा मध्येच अडतो, तो माणसाच्या अंगातून वाट काढताना.

"दादा... कुणाचा हात?"

"बाहेर जा."

"पण तू..."

"जा म्हणतो ना!"

तिच्यावर तो असा कधीच ओरडला नव्हता. तिला दाराबाहेर ढकलून त्याने आतून कडी लावली. प्लग उपटला. अर्थिंगची काठी टेकवून कपॅसिटरमध्ये साठून राहिलेली वीजही काढून टाकली, एकदा नाही, तीनदा. आता यंत्र म्हणजे नुसता डबा. तरीही त्याला भीती वाटत होती, आणि ती स्वतःच्याच हातांची. तो मागे सरकत भिंतीला जाऊन टेकला आणि घड्याळ बघत उभा राहिला.

एक मिनिट. दोन. तीन... चार.

काही झालं नाही. त्याच्या जिवात जीव आला. उगाच घाबरलो म्हणून हसूही आलं.

"झालं का रे?" धाकटीने दाराच्या काचेतून विचारलं.

"झालं गं!"

"दादा... बोल ना. झालं का?"

"झालं म्हटलं ना! बहिरी झालीस का?"

ती दोन्ही मुठींनी दार बडवायला लागली. "मग हात काढ ना त्याच्यावरून! किती वेळ धरून उभा आहेस... दादा... ए दादा, सोड ना ते..."

दादा चक्रावला. तो तर भिंतीशी होता, टेबलापासून चांगला चार पावलं लांब. "अगं वेडे, इकडे बघ, मी इथे आहे," तो म्हणाला. मग ओरडला. मग जीव तोडून ओरडला.

धाकटीने भिंतीकडे एकदाही पाहिलं नाही. टेबलाकडे बघून ती रडत होती.