कड्यावरचं शैवाक

"ही हकिकत तुम्हाला पटायची नाही. पटलीच, तर माझ्या सांगण्यात काही खोट राहिली असं समजा," मोजणीकाकांनी संग्रहालयाच्या बाईंना आधीच बजावलं.

मोहीम होती शैवाकाची. दगडफुलाच्या नात्यातलं, पण मातीवर पानांसारखं पसरणारं. रानात पायाखाली येईल इतकं साधं. फक्त उत्तरेच्या कड्यावरचं अजून कोणी आणलं नव्हतं. बारा वर्षं काका दर उन्हाळ्यात जाऊन ते फूटपट्टीने मोजून येत. यंदा संग्रहालयाचा हुकूम निघाला: तळहाताएवढा तुकडा कापून आणा; तो आला की मोजणी बंद. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यापासून काकांना जायला ठिकाण उरणार नव्हतं. घरी त्यांची वाट पाहणारं म्हणाल तर एक कुलूप.

पहिल्याच चढणीला खेचराने राजीनामा दिला. शिध्यासकट ते माघारी वळलं, काका एकटेच पुढे. वारा असा, की तोंडातली हाक थेट पलीकडच्या डोंगरावर जाऊन पडे! सोमवारी मारलेली "आहे का कोणी?" ही हाक मंगळवारी परत आली. काकांनी तिला "मी आहे" म्हणून सांगितलं. चार दिवसांत तेवढंच काय ते बोलणं झालं.

मग ऊन. तीन दिवस आभाळात ढगाचा ठिपका नाही. दगड इतके तापले की पाली चवड्यांवर चालत होत्या. बाटलीत दोन घोट उरले, जीभ टाळूला चिकटली, आणि त्यातच वाट संपली. खाली दरी, वर सुळका. काकांनी खाचेत बोटं रुतवली. पाय सुटला! दगड निखळला! एका हातावर लोंबकळत, खरचटत, कसेबसे ते वर आले, तर नाकासमोरच ते.

"काय दिसत होतं, बाई. हिरवंगार, ओल्या चामड्यासारखं मऊ. कडा उचललेल्या, खाली मुळांचे पांढरे दात. मी शेजारीच आडवा झालो. संध्याकाळपर्यंत गप्पा मारल्या."

"आणि तुकडा?"

"चाकू काढला, तोच गरुड आला. झडप घालून चाकू घेऊन गेला. एवढा मोठा, की तो गेल्यावरही सावली पाऊण तास तिथेच होती."

बाईंनी रिकाम्या खणावरची चिठ्ठी बोटाने सरळ केली.

"गरुड राहू द्या, काका. तीन दिवस उन्हात पडलेलं शैवाक राखाडी होतं, कागदासारखं मोडतं. हिरवं व्हायला त्याला पाणी लागतं."

काका बुटाची नाडी बांधू लागले.

"साफ खोटं बोलताय तुम्ही. शेवटचे दोन घोट त्याला घातलेत. कापायला गेलेला माणूस पाणी पाजत बसत नाही."