पैंजण सुटं करताना

शाहूपुरीत मी चढले तो जिना चुकीचा होता. जायचं होतं शेजारच्या इमारतीत, पण वाऱ्यानं छत्री उलटी झाली आणि समोर दिसलं त्या दारात मी शिरले. वर एका खोलीत यंत्रं मंद गुरगुरत होती आणि एक मुलगा चिमट्यात प्लास्टिकचा दात धरून उजेडात बघत होता.

"दाताचा दवाखाना खालच्या मजल्यावर," तो मान वर न करताच म्हणाला.

"माझे दात चांगले हायत," मी म्हणाले. "चावून दाखवू?"

मग त्यानं बघितलं... आणि बघतच राहिला. म्हणजे मला तरी तसं वाटलं. चिमट्यातला दात खाली पडला, एवढं मात्र खरं.

त्याचं नाव अमरेश. कॉम्प्युटरवर काढलेल्या आकृत्या यंत्रातून प्लास्टिकमध्ये खऱ्या करून द्यायचं हे त्याचं दुकान. मला नेमकं असलंच दुकान हवं होतं, त्यामुळे चुकीच्या जिन्याला मी मनातल्या मनात माफ करून टाकलं.

मी विद्याश्री, हुपरीची. आमच्या घरात पैंजणं बनतात. अप्पा आणि अव्वा, म्हणजे माझे वडील आणि आई, दोघांचे हात त्यातच घडले, पण नमुना कायम व्यापाऱ्याचा. मी कॉम्प्युटरवर दागिने काढायचा कोर्स केला आणि स्वतःचं एक पैंजण काढलं, कणसात ज्वारी भरावी तशी दाट घुंगरं असलेलं. अप्पांनी ते लॅपटॉपवर बघितलं आणि म्हणाले, "ह्यातलं पायात घालता येत न्हाय. हातात आणून दे. वाजलं तर आपल्या घरचा नग म्हणून काढू. न्हाय वाजलं तर हे मिटून ठेवायचं आणि माझ्याशेजारी कामाला बसायचं." तो एक नग निघावा, याहून दुसरं काही मला त्या दिवसांत नको होतं.

अमरेशनं फाईल उघडली. एका कडीवर टिचकी मारली तर अख्खं पैंजण उजळलं.

"सगळं एकच झालंय की हे," तो म्हणाला. "असंच काढलं तर काठीसारखं ताठ निघंल. कड्या, घुंगरं, सगळं सुटं करायला लागतंय. मग एकेक भाग काढून हातानं जोडायचा."

"किती वेळ लागंल?"

त्यानं कान खाजवला. "लागंल... जरा. एकेक कडी निवडून बाजूला काढायची म्हंजे किचकट काम. तुम्ही शेजारी बसून सांगितलंसा तर बरं पडंल."

मी मान डोलावली. जरा जास्तच लवकर.

मग दर मंगळवारी, शुक्रवारी मी हुपरीची बस पकडून यायला लागले. तो एकेक कडी सुटी करायचा, तिला वेगळा रंग द्यायचा, मग चहा मागवायचा. चहा येईपर्यंत काम बंद. चहा पिताना तर बंदच. सुट्या झालेल्या प्रत्येक भागाला कॉम्प्युटरवर नाव द्यावं लागायचं, आणि एकदा त्या लांबलचक यादीत मला 'कडी', 'कडी', 'कडी'च्या मधोमध 'विद्या' दिसलं.

"हे काय ओ?"

"ते... चुकून पडलं."

"चुकून माझं नाव पडलं?"

"बदलतो."

"ऱ्हाऊ दे," मी म्हणाले आणि खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, भिजलेली एक रिक्षा होती. मला तो आवडला होता, सरळ सांगते.

तीन आठवड्यांनी पैंजण तयार झालं. पांढरं, हलकं, कडीन् कडी वळणारं. मी ते हातात घेतलं, हलवलं... आणि माझा चेहराच उतरला.

"वाजत न्हाय."

"वाजायला आत काय हाय?"

"दाणा! प्रत्येक घुंगराच्या आत मी एकेक दाणा काढलावता. कुठं गेले ते?"

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. "ते बारीक गोळे? मला वाटलं फाईलीतला कचरा हाय. काल बसून सगळे पुसून टाकले."

"कचरा? अमरेश, उद्या अप्पांना दाखवायचंय. दाण्याशिवाय घुंगरू म्हंजे नुसतं भोपळं." पुढचं बोलले असते तर रडले असते, म्हणून मी पैंजण घेऊन तशीच जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या दारात उभा. निथळत होता, पण शर्टाच्या आत कागदाची पुडी कोरडी होती. मूळ फाईल अजून त्याच्याकडे होती, तिच्यातून त्यानं दाणे पुन्हा काढून त्या पुडीत आणले होते. अव्वानं आधी पंचा दिला, मग पाट. एकेक घुंगरू उघडायचं, दाणा टाकायचा, मिटवायचं. अप्पा लांबून बघत होते, थोड्या वेळानं चष्मा लावून तेही बसले.

शेवटी अप्पांनी पैंजण कानाजवळ नेऊन हलवलं. आवाज प्लास्टिकचा होता... पण होता.

"चांदीत गोड वाजंल," अप्पा म्हणाले. मला भरून आलं. "हे सुटं करायला किती दिवस लागलं?"

"तीन आठवडे," मी म्हणाले.

अप्पांनी पैंजण खाली ठेवलं. "मग न्हाय जमायचं. एका नमुन्याला एवढं दिवस लागलं तर यापारी थांबतोय व्हय? ऱ्हाऊ दे, पोरी."

ते रागावून बोलले असते तर मी भांडले असते. पण ते मायेनं बोलले. मी अमरेशकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते.

"तीन आठवडं लागत न्हाईत, अप्पा," तो म्हणाला. "एक बटण हाय. दाबलं की एकमेकाला न चिकटलेले सगळे भाग आपोआप सुटे हुत्यात. चहा निवायच्या आत."

"मग तुमी इतकं दिवस काय करत हुतासा?"

"एकेक कडी सुटी करत हुतो." त्यानं उरलेल्या दाण्यांची पुडी उचलून हातात धरली. "एकदम केलं असतं तर... ह्या परत आल्या नसत्या."

अव्वाचा चहा गाळणारा हात थांबला. खोटी चांदी ओळखण्यात जन्म गेलेली अप्पांची नजर त्याच्यावरून हळूच माझ्यावर आली.

"तू कोर्सला जात हुतीस न्हवं? तुला म्हाईत न्हवतं हे बटण?"

"म्हाईत हुतं," मी खाली बघून म्हणाले.

अमरेश इतक्या झटक्यात वळला की उरलेल्या दाण्यांची पुडी सांडली. "तुला म्हाईत हुतं?"

"पहिल्याच आठवड्यात शिकवतात. घरी बसून पण झालं असतं."

अव्वा पदर तोंडाला लावून हसायला लागली. अप्पा मात्र गंभीर. त्यांनी पैंजण पुन्हा उचललं, नीट पुसलं आणि घरच्या नगांच्या डब्यात ठेवलं.

"फुडचा नग बटण दाबून करायचा," ते म्हणाले. "आणि पावणं, रविवारी आई-वडलांना घेऊन या चहाला. तिथं बटण चालत न्हाय."

आम्ही दोघं फरशीवरचे दाणे वेचायला वाकलो. बोटाला बोट लागलं... पण आता कुणालाच घाई नव्हती. आम्ही एकेक दाणा वेचत राहिलो.