मधोमध आलेलं फूल

ग्लासात पाणी. तळाशी बसलेला पांढरा खडू.

कारखान्याचं नक्षीकाराला बारा वर्षांपूर्वीचं पत्र: 'फूल मधोमध आणण्यासाठी फॉइल वाया घालवता येणार नाही.'

खाट आठ. गादी गुंडाळलेली.

पाच पाकळ्यांचं निळं फूल, गोळ्यांच्या स्ट्रिपच्या पाठीवर.

हृदयाची गोळी वेळेवर घेऊनही वॉर्डातले चार रुग्ण गेले होते. खोटा माल बाहेर अजून किती, हे औषध निरीक्षकबाईंना शोधायचं होतं.

"खोटी कुठली, सिस्टर?"

सिस्टरने दोन स्ट्रिप पुढे केल्या. एकीवर फूल अर्धं कापलेलं. दुसरीवर अखंड, बरोबर मधोमध.

"ही कापलेली. आंधळ्यालाही कळेल."

प्रयोगशाळेतून निकाल उलटा आला. खडू अखंड फुलाखाली होता.

कारखान्यात पॅकिंग यंत्रावरचा कारागीर हसला. "आमचं फूल तुटायचंच, मॅडम. फॉइल रिळावरून सरकत येते, कापणी पडेल तिथे पडते. कधी मुंडकं जातं, कधी कंबर. आमच्या मिलीमीटरला विचारा, बारा वर्षं तोंड पाडून बसलाय!"

मिलीमीटर म्हणजे फूल काढणारा नक्षीकार. त्याच्या टेबलावर पट्टी, भिंग, टोक केलेल्या सात पेन्सिली.

"नक्कल कुणी केली असेल?"

"कुणीही. स्ट्रिप काय, दुकानात मिळते."

"नक्कल करणारा चूकसुद्धा उतरवतो. याने ती सुधारली. ती खटकत कुणाला होती?"

तो पेन्सिली सरळ करत राहिला.

"मूळ चित्र कुणाच्या कपाटात असतं?"

"माझ्या."

बाईंनी अखंड फुलाची स्ट्रिप टेबलावर ठेवली.

"एक छापखानेवाला आला होता," तो म्हणाला. "गोळ्या ह्याच, जादा माल आहे म्हणाला. फूल मधोमध आणून देतो म्हणाला. मी चित्र दिलं."

"गोळीत काय आहे, विचारलंत?"

"छापाचा नमुना मागितला. भिंगाखाली धरला. केसाइतका फरक नव्हता."

"छापखाना कुठे?"

"बंद आहे. फोन लागत नाही."

"छापल्या किती?"

"लाखभर म्हणत होता."

परत आल्या होत्या साठ.

बाईंनी वही मिटली. तो आपणहून उठला.

"चला. घरी वाट बघणारं कुणी नाही. आई होती, परवा गेली. औषध लागू पडलं नाही म्हणाले."

"खाट कितवी?"

"आठ."

मग त्याने टेबलावरची स्ट्रिप उचलली, उलटी केली, पुन्हा ठेवली.

"तिला कापलेलीच दिली होती ना, मॅडम?"

बाईंनी दार उघडून धरलं.

गेल्या सोमवारी सिस्टरच्या हातात दोन्ही स्ट्रिप होत्या, तेव्हा खाट आठवरच्या आजींनी अखंड फुलाची मागून घेतली होती, आणि हे फूल माझ्या लेकाने काढलंय, असं शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितलं होतं.