उलटा धरलेला कंट्रोलर

"हात सापडला नाही," पंच म्हणाला.

आता तुम्हीच सांगा, हात म्हणजे काय आजोबांचा चष्मा आहे, हरवायला आणि सापडायला? जुईलीचा डावा हात जन्मापासून जिथे होता तिथेच होता, खांद्याच्या खाली! त्याला बोटं मात्र दोनच, अंगठा आणि करंगळी. मधली तीन आलीच नाहीत. त्या दोघांच्या जोरावर ती वेणी घालायची, पतंगाला मांजा बांधायची आणि वर्गातल्या आगाऊ पोरांना चिमटेही काढायची. आणि चिमटा कसला, झोंबायचाच.

पण इचलकरंजीच्या नव्या खेळभवनात सगळा कारभार कॅमेऱ्याचा. समोर उभं राहायचं, हवेत हातवारे करायचे, की पडद्यावरचं पात्र हलायचं. पंच हा तिथला यंत्रमानव. उंच, पांढरा, आवाज अगदी नम्र.

"पुन्हा बघ ना," जुईली म्हणाली.

"पुन्हा पाहिले. हात सापडला नाही. शनिवारच्या स्पर्धेसाठी तुमची नोंद 'प्रोत्साहक' (टाळ्या वाजवून इतरांचा उत्साह वाढवणारी व्यक्ती) म्हणून करू का?"

जुईलीचं डोकंच फिरलं. शनिवारी जुन्या खेळांची स्पर्धा होती. त्यातला 'नारळवाला' हा खेळ, पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा, इतरांना खेळताना बघून बघून तिला तोंडपाठ होता. कितव्या झाडावर माकड दबा धरून बसतं, कुठे उडी मारायची, कुठे वाकायचं, सगळं. आणि हिने टाळ्या वाजवायच्या? त्याही याला न सापडलेल्या हाताने?

"नियमात लिहिलंय का रे, हातवारेच केले पाहिजेत म्हणून?"

पंचाचे डोळे तीन वेळा लुकलुकले. "नियम असा : खेळाडूकडून खेळाला आज्ञा मिळाली पाहिजे. साधनाचा उल्लेख नाही."

"मग शनिवारी मिळेल आज्ञा. माझं नाव खेळाडूंमध्ये लिही!" असं म्हणून ती तरातरा बाहेर पडली. म्हणाली खरी, पण आज्ञा कशी मिळणार हे तिला कुठे माहीत होतं?

ती थेट सुरेखाआजीकडे गेली. सुरेखाआजी म्हणजे तिच्या बाबांची आत्या. वय पंच्याहत्तर, पण जुनी यंत्रं दुरुस्त करताना हात जरासुद्धा थरथरत नसे. सगळा प्रकार ऐकून आजी हसली आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढून बसली.

"आमच्या टायमाला बाजारात गेमची दुकानं असायची बघ. कपाटाएवढी एकेक मशीन. मालक दारातच अडवायचा, पोरींचं काय काम हितं म्हणून. मग मी काय केलं? मशीन दुरुस्त करायला शिकले. दर आठवड्याला त्याची एक तरी बंद पडायचीच. मग काय, स्वतः खुर्ची पुसून द्यायचा मला!"

डब्यातून तिने एक करडा, ओबडधोबड कंट्रोलर काढला. डावीकडे छोटी दांडी, उजवीकडे चार बटणं.

"पण आजी, ती कपाटं तर केव्हाच भंगारात गेली. मग तो खेळ आत्ताच्या यंत्रावर चालतो कसा?"

"इम्युलेटर (नव्या यंत्राला जुन्या यंत्राचं हुबेहूब सोंग घ्यायला लावणारी आज्ञावली) असतो की. बहुरूपी पोलिसाचं सोंग घेतो, तसं हे नवं यंत्र त्या कपाटाचं सोंग घेतं. बिचाऱ्या खेळाला वाटतं, आपण अजून बाजारातल्या दुकानातच आहोत."

कंट्रोलरच्या वायरीचं टोक जुन्या पद्धतीचं होतं. आजीने त्याला नवं टोक जोडलं, कंट्रोलर टेबलावर नीट सपाट ठेवला आणि मगच वायर तिच्या घरच्या यंत्रात खुपसली. पडद्यावर अक्षरं आली : 'अनोळखी साधन. बटणे ४. दांडी १.'

"अनोळखी म्हणतंय," जुईलीचा चेहरा पडला.

"म्हणू दे की! अनोळखी म्हटलं, पण बटणं मोजली का न्हाई? तुझ्या त्या पंचाला तेवढंसुद्धा जमलं नाही."

जुईलीने कंट्रोलर हातात घेतला आणि तिथेच घोडं अडलं. दांडी डावीकडे. ती पकडायची तर डाव्या हाताने, आणि दोन बोटांत ती निसटायची. पाच वेळा प्रयत्न केला, पाचही वेळा नारळवाला झाडावरून धपकन पडला. तिने रागारागाने कंट्रोलर टेबलावर आपटला. तो गर्रकन फिरून उलटा झाला आणि दांडी उजवीकडे आली.

जुईली बघतच राहिली. "आजी, मी हा असाच धरला तर? दांडी उजव्या हातात, बटणं डाव्या!"

"धर की. कोण अडवतंय?"

तिने धरला. पण डावीकडे ढकललं की नारळवाला उजवीकडे पळे, वर ढकललं की झाडावरून खाली उतरे. जुईलीला हसू आवरेना आणि रडूही.

"थांब," आजी म्हणाली. "दांडी आत काय करते ते बघ आधी. दांडीखाली पोटेन्शिओमीटर (विजेला कमी-जास्त अडवणारा भाग) असतो. जुन्या रेडिओचा आवाज ज्याने लहान-मोठा व्हायचा, तोच. दांडी जशी कलते तशी वीज कमी-जास्त होते आणि कंट्रोलर त्याचा आकडा करून पाठवतो. पार डावीकडे शून्य, पार उजवीकडे दोनशे पंचावन्न, मध्यावर साधारण एकशे अठ्ठावीस."

"म्हणजे यंत्राला माझा हात दिसतच नाही?"

"आगं, हात दिसत न्हाई, बोटं दिसत न्हाईत. नुसते आकडे! आता कंट्रोलर उलटा धरलास, तर आकडे उलटे झाले. ते सुलट कसे करशील?"

जुईलीने बोटांवर नाही, डोक्यात हिशोब केला. शून्याचे दोनशे पंचावन्न व्हायला हवेत, दोनशे पंचावन्नचे शून्य. "दोनशे पंचावन्नातून वजा करायचं! चाळीस आले तर दोनशे पंधरा समजायचं. आणि वर-खालीसाठीही तसंच."

"शाब्बास! हे जिथं लिहायचं, त्याला जोडणी-तक्ता म्हणतात (कुठल्या कळीचा अर्थ काय घ्यायचा, याची यादी). इम्युलेटर प्रत्येक वेळी हा तक्ता बघतो, मग खेळाला सांगतो."

दोघींनी तक्ता बदलला. दिशा सरळ झाल्या. पण खेळात कामं तीन होती : उडी मारणं, नारळ फेकणं, वाकणं. आणि बोटं दोन.

"अंगठा म्हणजे उडी," जुईली म्हणाली. "करंगळी म्हणजे फेक. आणि दोन्ही एकदम दाबली की वाकणं. असं लिहिता येतं?"

"येतं की," आजी म्हणाली. "तक्ता माणसासाठी असतो, माणूस तक्त्यासाठी नव्हे."

शनिवारी सकाळी खेळभवन गच्च भरलं होतं. जुईलीचं नाव पुकारलं गेलं. ती उलटा कंट्रोलर छातीशी धरून पुढे आली तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. पंचाने आजीचा तक्ता यंत्रात भरला आणि वायर खुपसली. खेळ सुरू झाला.

आणि अरे देवा! नारळवाला आपला आपणच डावीकडे चालू लागला. जुईली उजवीकडे ओढतेय, तो डावीकडेच जातोय.

"हात थरथरतोय तिचा," कुणीतरी म्हणालं.

"हातामुळे अडचण येत असल्यास थांबता येईल," पंच नम्रपणे म्हणाला.

जुईलीचे कान लाल झाले. क्षणभर तिला स्वतःलाही वाटलं, आपल्या हाताचंच काहीतरी चुकतंय. मग तिच्या मनात आलं, हे तपासून का बघू नये? तिने कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात उंच वर केले, सगळ्यांना दिसतील असे.

नारळवाला डावीकडे चालतच होता!

"आता सांगा, कुणाचा हात थरथरतोय?" जुईली खणखणीत आवाजात म्हणाली.

पण मग चूक कुठे होती? तिला आजीचं टेबल आठवलं. आजी कंट्रोलर आधी सपाट ठेवायची, मग वायर जोडायची. आणि आज पंचाने वायर खुपसली तेव्हा हिने तो भीतीने घट्ट आवळून धरला होता, दांडी छातीवर दाबली गेली होती! जोडल्याबरोबर दांडी जिथे असेल तोच 'मध्य', असं हा जुना कंट्रोलर धरून चालत होता. नंतर दांडी खऱ्या मध्यावर आली, तर त्याला ती कललेली वाटली.

"पंच, वायर काढ," ती म्हणाली. "मी दांडीला हात लावणार नाही. आता पुन्हा जोड."

वायर जोडली गेली. नारळवाला झाडाखाली शहाण्यासारखा उभा राहिला.

मग काय विचारता! अंगठ्याने उडी, करंगळीने नारळ, दोन्हींनी मिळून वाकणं. अकराव्या झाडावरच्या माकडाने तिला चकवलं आणि ती दुसरी आली. पहिल्या आलेल्या मुलाने येऊन विचारलं, "ए, जरा दे ना, उलटा धरून मला जमतं का बघू!" त्याला नाही जमलं. जुईलीला फार बरं वाटलं, उगाच कशाला लपवायचं?

सगळे पांगल्यावर पंच तिच्याजवळ आला.

"मला शिकवताना दाखवलेल्या नमुन्यांत (ओळखायला शिकण्यासाठी दिलेली उदाहरणे) तुमच्यासारखा हात नव्हता. नमुना घेऊ का? पुढच्या वेळी असा हात कुणाचाही असला, तरी मला ओळखता येईल."

म्हणजे याचाही एक तक्ताच होता तर! आणि तोच अपुरा होता. जुईलीने डावा हात कॅमेऱ्यासमोर धरला, ऐटीत, अंगठा आणि करंगळी ताणून.

"नोंद कोणत्या नावाने करू?" पंचाने विचारलं. "माझ्या यादीत 'अपवाद' असा एक रकाना आहे."

"अपवाद नाही," जुईली म्हणाली. "दुसऱ्यांच्या हाताला काय लिहिलंयस?"

"हात."

"मग तेच लिही."

पंचाचे डोळे तीन वेळा लुकलुकले, आणि पडद्यावर तिच्या हाताच्या चित्राखाली अक्षरं उमटली : 'हात'.