खालून वर भरणाऱ्या चौकटी

कोसाराचा आलेख प्रिंटरमधून निघाला आणि नेमका रास्तकोच्या हातात पडला. चाचाक शहरातल्या त्या फळसंशोधन संस्थेत सगळ्या मजल्यांना मिळून एकच प्रिंटर, आणि आकडेवारी विभागातला हा रास्तको तिथे बहुधा उभा असायचाच. आज मात्र तो कागद परत द्यायचं नाव घेईना.

"माझा आहे तो," कोसारा म्हणाली.

"कळलं. प्रत्येक चौकटीत फळाच्या जातीनुसार रंग, वर सरासरीची रेघ... चौकटी आखणारं पॅनल फंक्शन स्वतः लिहिलंत?"

"का, परवानगी काढायला हवी होती?"

"सुरेख आहे, म्हणतोय."

तिला बरं वाटलं, पण तिनं ते दिसू दिलं नाही. आलेखात नऊ चौकटी होत्या, आलुबुखाराच्या नऊ बागांच्या. वरच्या डाव्या चौकटीत रोगाची रेघ सरळ आभाळाकडे निघाली होती. ती डोंगरावरची, मिलोयेकाकांची बाग. रोग पसरू नये म्हणून उद्या ती तोडायची होती, आणि निर्णय कोसाराचा होता. काकांच्या ओसरीवर तिनं कितीदा स्वागताचा चमचाभर मुरंबा आणि वर गार पाणी घेतलं होतं. ते आठवलं की तिला जेवण जात नव्हतं.

"चौकटींवरच्या नावाच्या पट्ट्या कुठे गेल्या?" रास्तकोनं विचारलं.

"बेढब दिसत होत्या, काढून टाकल्या. नावं मीच मागाहून घातली. वरच्या ओळीपासून."

रास्तकोनं तिच्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ.

"कोसारा, हे सॉफ्टवेअर चौकटी खालच्या ओळीपासून भरत वर जातं."

पट्ट्या परत लावून तिनं आलेख पुन्हा काढला. वरच्या आणि खालच्या ओळीतली नावं अदलाबदल झाली होती. रोगट बाग संस्थेचीच निघाली, संचालकांनी हौसेनं स्वतः लावलेली.

तिनं आधी काकांना फोन केला. "काका, उद्या करवत चालवायची नाही. चूक माझी."

"अगं पोरी, मी कुठे चालवू देणार होतो?"

तिचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. "आता साहेबांना कोण सांगणार?" फोन ठेवून तिनं रास्तकोला विचारलं.

"तुम्ही. मी दाराशी थांबतो," रास्तको म्हणाला. मग म्हणाला, "नाही... आतच येतो."

संचालक यथेच्छ ओरडले. रास्तको तिच्या शेजारी शेवटपर्यंत उभा राहिला.

बाहेर प्रिंटरपाशी आल्यावर ती म्हणाली, "माझ्यापायी तुमचं छापायचं राहिलं."

"छापायचं काही नव्हतं."

"मग रोज येता ते?"

"रोजच काही छापायचं नसतं..."

कोसारा प्रिंटरचं झाकण उगाचच उघडत-मिटत राहिली. तो तिला आवडतो, हे तिला आत्ता, उभ्या जागी कळलं होतं.

"रविवारी काकांची माफी मागायला जायचंय. तू येशील?"

"काका विचारतील, हा कोण म्हणून."

"विचारू देत," ती म्हणाली. "मलाही ते कुणाला तरी सांगायचंच आहे."